सूर्याचे मोजमाप : जंतरमंतरपासून आदित्यपर्यंत

ज्यांच्या देवघरात पंचायतन आहे त्यांना सांगायला नको, की गणपतीच्या शेजारी सूर्यनारायणाचे स्थान ठरलेले असते. त्यामुळे गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत सूर्यावर एक लेख आला तर तो परका वाटू नये. शिवाय आपण ज्या गावात येऊन स्थायिक झालो ते गावही सूर्याचेच. इथले कछवाहा राजे स्वतःला सूर्यवंशी म्हणवीत. जुन्या शहराच्या पूर्वेकडच्या वेशीचे नाव सूरजपोल आणि तिच्यासमोर गलत्याच्या डोंगरावर सूर्यमंदिर. माघ शुद्ध सप्तमीला आपण गोवरीवर दूध उतू घालून रथसप्तमी करतो आणि त्याच तिथीला जयपूरकर सूर्यनारायणाचा रथ मिरवतात.

या लेखात मात्र सूर्याच्या पूजेबद्दल नव्हे, त्याच्या मोजमापाबद्दल लिहायचे आहे. सूर्याकडून पृथ्वीला नेमकी किती ऊर्जा मिळते? प्रश्न शाळकरी मुलालाही पडेल असा सोपा आहे. उत्तर मिळायला मात्र पावणेदोनशे वर्षे लागली आणि ते शेवटी उपग्रहांवरच्या उपकरणांनी दिले. या दीर्घ कथेत जयपूर आहे, पुणे आहे, आणि प्रारंभी एक महाराष्ट्रीय पंडितही आहे. म्हणून ती आपल्या मंडळींपुढे ठेवावी असे वाटले.

सम्राट जगन्नाथ आणि सावलीची कड

महाराजा सवाई जयसिंह (१६८८–१७४३) यांच्या ज्योतिषकार्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते पंडित जगन्नाथ मूळचे महाराष्ट्रातले. जयसिंह कोवळ्या वयात औरंगजेबाच्या फौजेबरोबर विशाळगडाच्या वेढ्याला, म्हणजे १७०२ साली, दक्षिणेत होते. दक्षिणेतल्या त्या दिवसांतच दोघांची गाठ पडली असे परंपरेने सांगितले जाते. पुढे जगन्नाथ अरबी आणि फारसी शिकले. युक्लिडच्या भूमितीचा त्यांनी ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात अनुवाद केला, आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाच्या अरबी आवृत्तीवरून ‘सम्राटसिद्धान्त’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘सम्राट’ ही त्यांना मिळालेली पदवी. मराठी माणूस नोकरीधंद्यानिमित्त जयपुरात येऊन इथलाच होतो, ही काही आजची गोष्ट नाही. तिला तीनशे वर्षांची परंपरा आहे!

जंतरमंतरमधले बृहत् सम्राट यंत्र आपण पाहुण्यांना दाखवतोच. सुमारे २७ मीटर उंचीची ही दगडी भिंत जयपूरच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २७ अंशांनी कललेली आहे. तिची सावली दोन्ही बाजूंच्या चापांवर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, आणि दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते असे मार्गदर्शक आपल्याला सांगतात. २०१० साली युनेस्कोने जंतरमंतरला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

पण त्या चापावर बोट ठेवून पाहिले तर एक अडचण दिसते. सावलीची कड रेघेसारखी नसते, ती धूसर असते. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो अर्ध्या अंशाचा गोल दिसतो. चापाची त्रिज्या सुमारे १५ मीटर धरली तर सावलीची कड तेरा-चौदा सेंटिमीटर पसरट होते. म्हणजे यंत्र कितीही भव्य केले तरी सूर्याच्या अंगचीच एक गोष्ट अचूकतेच्या आड येते, आणि निरीक्षकाला काही युक्ती करून खरी कड ठरवावी लागते. मोजमापाच्या इतिहासातला हा धडा पुढे उपग्रहांच्या काळातही उपयोगी पडणार होता.

जगन्नाथ आणि जयसिंह यांनी सूर्य कुठे आहे हे मोजले. तो किती ऊर्जा देतो, हा प्रश्न त्या काळी युरोपातही कोणी आकड्यात मांडलेला नव्हता.

पाण्याची डबी ते पर्वतशिखर

तो आकड्यात मांडला फ्रान्समधल्या क्लोद पुइये याने, १८३८ साली. त्याचे उपकरण आपल्या स्वयंपाकघरात शोभेल असे होते. पाण्याने भरलेली एक चपटी डबी, तिचा एक पृष्ठभाग काजळी लावून काळा केलेला, आणि पाण्यात बुडवलेला तापमापक. काळी बाजू सूर्याकडे धरायची, ठरावीक वेळात पाणी किती तापले ते पाहायचे, हवेने वाटेत किती ऊन अडवले त्याचा हिशेब करायचा आणि उत्तर काढायचे. त्याचे उत्तर आजच्या मापात चौरस मीटरला सुमारे १२३० वॅट येते. आज मान्य असलेला आकडा १३६१ आहे. डबी आणि तापमापकाच्या जोरावर हा माणूस दहा टक्क्यांच्या आत पोहोचला होता! या संख्येला त्याने ‘सौर स्थिरांक’ म्हटले, आणि ते नाव रूढ झाले.

खरी अडचण होती ती हवेची. धूळ, बाष्प, ढग, ओझोन हे सगळे वाटेत ऊन खातात आणि रोज वेगवेगळ्या प्रमाणात खातात. म्हणून शास्त्रज्ञ डोंगर चढू लागले. अमेरिकेच्या सॅम्युएल लँग्ली याने १८८१ साली कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर उपकरणे नेली, पण गणितात गफलत झाल्याने त्याचा आकडा खूपच फुगला. त्याचा सहकारी चार्ल्स अ‍ॅबट याने ती दुरुस्त केली आणि स्मिथसोनियन संस्थेच्या वतीने उंच, कोरड्या ठिकाणांहून अर्धे शतक सूर्य मोजला. सूर्याची ऊर्जा एखाद-दुसऱ्या टक्क्याने कमीजास्त होते आणि त्यावरून हवामानाचे भाकीत करता येईल, असे अ‍ॅबटचे ठाम मत होते. पुढे लक्षात आले, की त्याला दिसणारे बहुतेक चढउतार सूर्याचे नव्हतेच, ते आपल्याच हवेचे होते. मोजणारा प्रामाणिक होता, कष्टाळू होता. पण तो समुद्राच्या तळाशी उभा राहून आकाशाचा रंग ठरवत होता.

यानंतर विमानांची पाळी आली. अमेरिकेच्या नासा संस्थेत काम करणारे, मूळचे भारतीय असलेले मॅथ्यू थेकेकरा यांनी विमानातून केलेल्या मोजमापांच्या आधारे १३५३ वॅट हा आकडा सुचवला आणि १९७० च्या दशकात तो प्रमाण म्हणून वापरला गेला. पण विमानाच्या वरही हवा उरतेच. हवेच्या पूर्ण बाहेर जाणे, एवढा एकच मार्ग शिल्लक होता.

पुण्याचे सिमला ऑफिस

अवकाशात जाण्यापूर्वी थोडे पुण्यात थांबू या. पुणेकरांना शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ माहीत असते. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, आणि पुढे ते दिल्लीला गेले तरी नाव तेच राहिले. या खात्याच्या उपकरण विभागात १९४८ साली एक तरुण शास्त्रज्ञ रुजू झाल्या. त्यांचे नाव अ‍ॅना मणी (१९१८–२००१). त्या केरळच्या, बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते आणि साधी हवामान उपकरणेसुद्धा परदेशातून येत. मणीबाईंनी सुमारे शंभर उपकरणांची रेखाचित्रे प्रमाणित करून ती देशात बनवण्याची घडी बसवली.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष होते. त्या निमित्ताने मणीबाईंनी देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. निवृत्तीनंतर त्यांनी भारतातल्या सौर प्रारणाच्या नोंदींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. सौर बंब, सौर चूल, पुढे सौर विजेची पाती, असे काहीही बसवणाऱ्या अभियंत्याला अनेक वर्षे याच ग्रंथाचा आधार होता. पुण्याची प्रयोगशाळा जागतिक हवामान संघटनेचे आशिया विभागातले प्रादेशिक प्रारण केंद्र म्हणून मान्यता पावली.

‘प्रादेशिक केंद्र’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे मर्म त्यातच आहे. स्वित्झर्लंडमधल्या दावोस या गावी सूर्य मोजणाऱ्या उपकरणांचा एक जागतिक संच आहे. दर पाच वर्षांनी देशोदेशीची प्रमाण उपकरणे तिथे जमतात आणि एकाच वेळी, एकाच सूर्याकडे रोखून, त्या संचाशी ताडून पाहिली जातात. दावोसशी ताडलेले उपकरण पुण्यात येते आणि त्याच्याशी देशातली बाकीची केंद्रे ताडली जातात. मी नोकरीची बरीच वर्षे आपल्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात विजेचे मीटर तपासण्यात घालवली. तिथेही हाच नियम असे. बाहेर जाणारा प्रत्येक मीटर खात्यातल्या प्रमाण मीटरशी ताडायचा, आणि प्रमाण मीटर त्याहून वरच्या प्रमाणाशी. नवा प्रमाण मीटर आला की जुना लगेच काढायचा नाही. दोघे काही काळ शेजारी ठेवून एकाच वेळी वाचायचे, त्यांच्यातला फरक वहीत लिहायचा, आणि मगच जुन्याला निवृत्त करायचे. हे ज्यांनी केले आहे त्यांना पुढची गोष्ट चटकन कळेल.

अवकाशातला काळा शंकू

नोव्हेंबर १९७८ पासून, म्हणजे निंबस-७ या अमेरिकन उपग्रहाच्या काळापासून, हवेच्या बाहेरून सूर्याच्या एकूण ऊर्जेची सलग नोंद सुरू झाली. १४ फेब्रुवारी १९८० रोजी सोलर मॅक्सिमम मिशन हा उपग्रह सुटला आणि त्यावर रिचर्ड विल्सन यांचे ‘अ‍ॅक्रिम’ हे अधिक स्थिर उपकरण होते.

या उपकरणांचे तत्त्व सोपे आहे. आतून काळी केलेली एक छोटी पोकळ शंकूसारखी वाटी असते. तिच्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत आदळत राहतो आणि जवळजवळ सगळा शोषला जातो. वाटीला विजेची तार गुंडाळून ती ठरावीक तापमानावर ठेवलेली असते. झडप उघडली की सूर्यप्रकाश आत येऊन वाटी तापवू लागतो. मग तेच तापमान राखायला वीज कमी लागते. जितकी वीज वाचली तितकी ऊर्जा सूर्याने दिली! तिला छिद्राच्या क्षेत्रफळाने भागले की चौरस मीटरचा हिशेब मिळतो. पुइयेच्या डबीचेच हे सुधारलेले रूप.

या उपकरणांनी पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट दाखवली. सूर्यावरून डागांचा मोठा समूह सरकला की पृथ्वीकडे येणारी ऊर्जा काही दिवस ०.२ टक्क्यांपर्यंत घटते. पुढे आणखी एक गोष्ट कळली, ती मात्र अपेक्षेच्या उलट होती. डाग जास्त असतात त्या वर्षांत सूर्य एकूणात किंचित जास्त ऊर्जा देतो. डागांच्या भोवती जे तेजस्वी पट्टे असतात ते डागांनी घटवलेल्यापेक्षा जास्त भर घालतात. अकरा वर्षांच्या चक्रात हा फरक सुमारे ०.१ टक्का असतो. म्हणजे सौर ‘स्थिरांक’ स्थिर नाही, पण बदल इतका बारीक, की डोंगरावरच्या अ‍ॅबटला तो कधीच दिसला नसता.

दोन वर्षांचे खिंडार

आता प्रश्न असा, की हा सगळा खटाटोप कशासाठी? उत्तर गंभीर आहे. पृथ्वी तापते आहे हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. ती माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे तापते की सूर्यच हळूहळू प्रखर होतो आहे, हा वाद नुसत्या मतांनी सुटणारा नव्हता. त्याला वर्षानुवर्षांची सलग, अचूक नोंद हवी होती. आणि नेमकी ती एका जागी तुटली.

सोलर मॅक्सिमम मिशन सुरुवातीपासून अडचणीत होते. पहिल्याच वर्षी त्याची स्थिर राहण्याची यंत्रणा बिघडली. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर या अंतराळयानातून गेलेल्या अंतराळवीरांनी ते अवकाशातच दुरुस्त केले. त्यानंतरचे उपकरण, दुसरे अ‍ॅक्रिम, वेळेवर वर जायचे होते. पण २८ जानेवारी १९८६ रोजी तेच चॅलेंजर सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. अमेरिकेचे सगळे वेळापत्रक कोलमडले. पहिले अ‍ॅक्रिम १९८९ साली बंद पडले आणि दुसरे कामाला लागले ते १९९१ च्या शरद ऋतूत. दोघांना शेजारी ठेवून वाचायची संधी मिळालीच नाही.

मधल्या दोन वर्षांत निंबस-७ आणि आणखी एका उपग्रहावरची उपकरणे चालू होती, पण ती तितकी स्थिर नव्हती. विल्सन यांनी निंबसच्या आकड्यांचा पूल करून दोन टोके जोडली. त्यांना दिसले, की १९८६ आणि १९९६ या दोन मंद काळांच्या दरम्यान सूर्याची ऊर्जा सुमारे ०.०४ टक्क्याने वाढली. दावोसचे क्लाउस फ्रोलिश यांचे म्हणणे, की त्या काळात निंबसचे उपकरणच सरकले होते. ते दुरुस्त केले तर वाढ उरत नाही.

दहा वर्षांत ०.०४ टक्के म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण हिशेब करून पाहू. शंभर वर्षे असेच चालले तर ०.४ टक्के. पृथ्वी गोल असल्याने १३६१ ला चाराने भागायचे, ते झाले ३४०. त्यातले तीस टक्के ऊन ढग आणि बर्फ परत पाठवतात, ते वजा करून उरले सुमारे २३८ वॅट. त्याचे ०.४ टक्के म्हणजे जवळजवळ एक वॅट. आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १७५० पासून माणसाने घातलेली एकूण भर सुमारे २.७ वॅट आहे. तेव्हा एक वॅट ही काही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हे. जगाने कोळसा जाळावा की न जाळावा, या वादात दोन वर्षांच्या खिंडाराला एवढे महत्त्व आले!

पुढच्या काळातल्या नोंदींनी आणि दुरुस्त्यांनी पारडे फ्रोलिश यांच्या बाजूला झुकले. १९७८ पासून सूर्य चक्रागणिक वरखाली झाला, पण सातत्याने वाढला नाही. पृथ्वी मात्र तापतच गेली. अकरा वर्षांच्या चक्राचा ०.१ टक्का याच हिशेबात घातला तर पाव वॅटच्याही आत येतो, आणि तो चक्र फिरले की परतही जातो. आज बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत असे आहे, की या तापण्याचा दोष सूर्यावर ढकलता येत नाही.

पाच वॅटचा फरक

इथे चौकस वाचक विचारतील, की ही उपकरणे तरी एकमेकांशी जुळत होती का? नव्हती! निंबस-७ चा आकडा १३७० च्या वर, अ‍ॅक्रिमचा १३६७ च्या आसपास, नंतरच्यांचा १३६६. चक्रातला फरक दीड वॅटचाही नाही आणि उपकरणांतले अंतर चार-पाच वॅटचे. तरी त्यांचा उपयोग होतो तो असा. भाजीवाल्याचा काटा दर वेळी पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असला, तरी भोपळा कालच्यापेक्षा जड आहे की हलका हे तो बरोबर सांगतो. फक्त काटा बदलताना जुन्या आणि नव्या काट्यावर तोच भोपळा ठेवून पाहिला पाहिजे.

२५ जानेवारी २००३ रोजी सोर्स हा उपग्रह सुटला. त्यावरचे ‘टिम’ हे उपकरण जॉर्ज लॉरेन्स आणि ग्रेग कॉप यांनी घडवले होते. त्याने १३६१ दाखवले. इतर सगळे १३६६ सांगत असताना हा एकटा पाच वॅट कमी! काही वर्षे सगळ्यांना वाटले की नव्यातच काही बिघाड असावा. प्रयोगशाळेत कसून तपासणी झाल्यावर कारण सापडले. जुन्या उपकरणांत पुढे मोठे छिद्र होते आणि अचूक मापाचे छोटे छिद्र आत, वाटीजवळ. मधल्या नळीत जास्तीचा प्रकाश शिरे आणि त्यातला थोडा इकडेतिकडे आदळून वाटीत पोहोचे. टिममध्ये अचूक छिद्र सर्वांत पुढे होते, त्यामुळे नको असलेला प्रकाश आतच येत नव्हता. सम्राट यंत्राच्या धूसर कडेची आठवण व्हावी असाच हा प्रकार. प्रकाश नको तिथे पसरतो आणि मोजणाऱ्याला चकवतो. २०११ साली कॉप आणि ज्युडिथ लीन यांनी १३६०.८ वॅट हा आकडा मांडला, इतरांनी आपापली मापे सुधारली, आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १३६१ हे प्रमाण म्हणून स्वीकारले. एका चौरस मीटरवर १३६१ वॅट, म्हणजे आपण बादलीत पाणी तापवायला टाकतो त्या विजेच्या रॉडहून थोडेसेच कमी.

एका आठवड्यासाठी जागवलेला उपग्रह

सोर्सचा वारस म्हणून ग्लोरी हा उपग्रह ठरला होता. ४ मार्च २०११ रोजी प्रक्षेपकाच्या टोकावरचे आवरण सुटलेच नाही आणि ग्लोरी समुद्रात गेला. इकडे सोर्सची बॅटरी थकत चालली होती. पुन्हा १९८९ सारखे खिंडार पडणार, हे सर्वांना दिसू लागले. घाईघाईने एक पर्यायी उपकरण तयार करून नोव्हेंबर २०१३ मध्ये दुसऱ्याच एका उपग्रहावरून पाठवण्यात आले. पण तोवर, जुलै २०१३ अखेर, सोर्सने मोजणे थांबवले होते.

तेव्हा शास्त्रज्ञांनी एक खटपट केली. डिसेंबर २०१३ च्या शेवटच्या दिवसांत, क्षीण बॅटरीच्या सोर्सला त्यांनी सुमारे आठवडाभर पुन्हा जागवले. जुने आणि नवे उपकरण त्या आठवड्यात एकाच सूर्याकडे पाहत होते. दोघांतला फरक वहीत नोंदला गेला आणि साखळी तुटली नाही. पुढे सोर्सला फक्त उन्हात असताना चालवण्याची युक्ती सापडली आणि त्याने २०२० पर्यंत काम केले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर डिसेंबर २०१७ मध्ये पोहोचलेल्या पुढच्या उपकरणाशी त्याचे दोन वर्षे शेजारी वाचन झाले. २५ फेब्रुवारी २०२० रोजी सोर्सला निरोप देण्यात आला. जुन्या माणसाने किल्ल्या हाती देऊन, हिशेब समजावून, मगच घर सोडावे तसे.

आपल्या गच्चीवरचे ऊन

हे झाले हवेच्या वरचे. आपल्या मुरलीपुऱ्यातल्या गच्चीवर त्यातले किती पोहोचते? आता घराघरांवर सौर पाती बसू लागली आहेत, तेव्हा हा प्रश्न विजेच्या बिलाचा झाला आहे.

उपग्रह जमिनीवरचे ऊन थेट मोजत नाही. तो वरून पाहतो आणि परत गेलेला प्रकाश मोजतो. ढग पांढरा शुभ्र दिसला की समजायचे, खाली ऊन कमी आहे. आपल्या इस्रोचे कल्पना-१ (२००२), इन्सॅट-३डी (२०१३), इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून भारताची चित्रे घेण्यासाठीच सोडले गेले, आणि अशा चित्रांवरून जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हाचे अंदाज काढले जातात. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून १२ ऑक्टोबर २०११ रोजी सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावर तर परत जाणारे ऊन आणि पृथ्वीची बाहेर पडणारी उष्णता मोजणारे खास उपकरण होते.

ढग ओळखणे सोपे, धूळ ओळखणे कठीण. मे-जूनची आँधी आपण सगळ्यांनीच अनुभवली आहे. थरच्या चमकत्या वाळूवर तरंगणारी धूळ उपग्रहाला वाळूपासून सहज वेगळी करता येत नाही. म्हणून जमिनीवरची केंद्रे लागतातच. २०११ साली देशात सौर ऊर्जेसाठी ५१ नवी मोजमाप केंद्रे उभारली गेली आणि त्यातली सर्वाधिक राजस्थानात होती. फलोदीजवळचे भडला, जिथे दोन हजार मेगावॅटहून मोठे सौर उद्यान उभे आहे, अशी ठिकाणे निवडताना उपग्रहाचे चित्र आणि जमिनीवरची नोंद दोन्ही हाताशी असावी लागतात. वरचा आकडा खालच्याशी आणि खालचा पुण्याच्या प्रमाणाशी ताडायचा. मणीबाईंनी घालून दिलेली वाट अजून तीच आहे.

पुण्याहून आदित्यकडे

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ सुटले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, आपल्या कक्षेत पोहोचले. तिथून सूर्य अखंड दिसतो. त्यावरची ‘सुट’ ही अतिनील दुर्बीण घडवण्याचे नेतृत्व पुण्याच्या आयुकाने केले. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभी केलेली ही संस्था. सर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले, पण पुण्याची दुर्बीण सूर्याकडे रोखलेली त्यांनी पाहिली, याचे समाधान वाटते.

सुट सूर्याची एकूण ऊर्जा मोजत नाही. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात ती अकरा गाळण्यांतून सूर्याची चित्रे घेते. एकूण ऊर्जेत या पट्ट्याचा वाटा लहान, पण चक्रागणिक तो प्रमाणाने जास्त बदलतो, आणि पृथ्वीच्या वरच्या हवेतला ओझोन घडवतो-मोडतो तोही हाच. सूर्याच्या कोणत्या भागातून ही ऊर्जा कमीजास्त येते, हे चित्रांवरून कळते. एकूण आकडा सांगणारे उपकरण आणि कारण दाखवणारे उपकरण, दोन्ही हवीत.

शेवटी

हा सगळा इतिहास वाचताना माझ्या मनात एकच विचार पुन्हा पुन्हा आला. जयसिंह १७४३ साली गेले आणि जंतरमंतर उभे राहिले, पण तिथल्या वेधांची घडी विस्कटली. यंत्रे दगडाची होती, ती टिकली. मोजण्याची रीत पुढच्या हाती देणारी माणसे मागे पडली. उपग्रहांच्या बाबतीत उलटे झाले. यंत्रे काही वर्षांत संपली, एक तर समुद्रात गेले, पण माणसांनी नोंद एका वहीतून दुसऱ्या वहीत नीट उतरवून घेतली. म्हणून १९७८ चा आकडा आजच्या आकड्याशी जोडता येतो आणि म्हणून सूर्यावर खोटा आळ घालता येत नाही.

परगावी राहून उत्सव चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जुनी कार्यकारिणी आणि नवी यांनी एक वर्ष तरी खांद्याला खांदा लावून काम केले, जुन्या खजिनदाराने नव्याला वही उलगडून दाखवली, आरतीचा ताल आजोबांनी नातवाला शेजारी उभे करून शिकवला, तरच पुढचे वर्ष मागच्याला जोडले जाते. मध्ये दोन वर्षांचे खिंडार पडले की मग कोणाचे खरे, याचे वाद उरतात.

यंदा विसर्जनानंतर सवड काढून मुलांना जंतरमंतरला घेऊन जा. सम्राट यंत्राच्या चापावर सावलीची धूसर कड त्यांना बोट ठेवून दाखवा, आणि हे काम ज्यांनी सुरू केले त्यांत एक मराठी पंडितही होता, हेही जरूर सांगा.

गणपती बाप्पा मोरया!